नवी छोटी गाडी: इंजिनाचा भरवसा कसा जोखावा

गाडीच्या रंगावर घरात आठ दिवस खल होतो आणि इंजिनाचा विषय 'ॲव्हरेज किती?' या एका प्रश्नात आटोपतो. आधी आपलं रनिंग कागदावर मांडा: रोज किती किलोमीटर, एका फेरीत किती, हायवेवर किती.

डिझेलचा निकाल इथेच लागतो. बीएस-6 (धुराच्या सध्याच्या सरकारी नियमांत बसणाऱ्या) डिझेल गाडीच्या सायलेन्सरच्या वाटेवर काजळी अडवणारा फिल्टर असतो. साचलेली काजळी जळायला इंजिन बराच वेळ चांगलं तापावं लागतं. शाळा, भाजी, घर अशा तीन-चार किलोमीटरच्या फेऱ्यांत ते तापतच नाही. फिल्टर तुंबतो, डॅशबोर्डवर दिवा लागतो. इंजिन वाईट नसतं, ते चुकीच्या घरी आलेलं असतं.

पेट्रोलमध्ये साधं 1.2 लिटर की 1.0 लिटर टर्बो (हवा दाबून भरून छोट्या इंजिनातून जास्त ताकद काढणारं)? टर्बोत उष्णता जास्त आणि सुटे भागही जास्त. ऑइल वेळेवर न बदलणाऱ्याने (आपल्यात असे बरेच) साधंच घ्यावं. तीन सिलिंडरची थरथर मात्र बिघाड समजू नका. 2024 ची स्विफ्टही चारवरून तीन सिलिंडरवर आली.

मग शोरूममध्ये विचारा: टायमिंग चेन आहे की बेल्ट (इंजिनातल्या झडपा वेळेवर उघडझाप करायला लावणारी साखळी की पट्टा)? बेल्ट असेल तर किती किलोमीटरला बदलायचा आणि खर्च किती? फोर्डच्या 1.0 लिटर इकोबूस्ट इंजिनात सुरुवातीला हा बेल्ट ऑइलमध्येच फिरायचा. असा बेल्ट झिजला की त्याचे कण ऑइलच्या जाळीत अडकतात आणि इंजिनाला ऑइल पुरत नाही.

तक्रारी वाचताना नुसता आकडा धरू नका. जास्त खपणाऱ्या गाडीच्या तक्रारीही जास्तच. एकच भाग साधारण तेवढ्याच किलोमीटरला अनेकांचा जातोय का, ते बघा. कंपन्यांनी परत बोलावलेल्या गाड्यांची माहिती सियाम या वाहन कंपन्यांच्या संघटनेच्या संकेतस्थळावर मिळते. दोष कबूल करून फुकट दुरुस्त करणारी कंपनी मला गप्प बसणारीपेक्षा बरी वाटते. इंजिन अगदी नवं असेल तर वर्षभर थांबा, दुसऱ्यांना चालवू द्या.

वाढीव वॉरंटीत टर्बो आणि इंजेक्टर (इंधन फवारणारे भाग) धरलेत का, ते छापील कागदावर पाहा. सेल्समनचं 'सगळं कव्हर आहे साहेब' तिथे चालत नाही. सर्व्हिसची बिलं जपून ठेवा.

टेस्ट ड्राइव्ह सकाळची पहिली मागा. चावी फिरवण्याआधी बॉनेटला हात लावा. गरम लागलं तर गार इंजिनाचा आवाज ऐकायला दुसऱ्या दिवशी परत जा.