घरखर्चाचा मेळ बसत नाही? कात्री लावण्याआधी या चुका टाळा

महिन्याची वीस तारीख उलटली की बऱ्याच घरांत एकच प्रश्न निघतो: "पैसे जातात कुठे?" मग घाईघाईने कात्री लागते, आणि ती बहुतेक वेळा भाजी, फळं नि दुधावरच चालते.

मी कित्येक वर्षं घराचा हिशेब वहीत लिहिते आहे. आता ओळखीतल्या बायकाही आपापल्या वह्या घेऊन येतात. त्या वह्यांत उधळपट्टी फारशी सापडत नाही. सापडतं ते वेगळंच: प्रत्येक भाववाढीचं कारण निराळं असतं आणि आपण सगळ्यांवर एकच औषध देतो. कांदा ऋतूने चढतो, तेल आयात शुल्काने, गृहकर्जाचा भार रिझर्व्ह बँकेच्या दराने. शाळेची फी एकदा चढली की खाली येतच नाही.

"महागाई घटली" हे ऐकून निर्धास्त होणं

ऑक्टोबर २०२५ मध्ये देशातली किरकोळ महागाई ०.२५ टक्क्यावर आली. बातमी खरी होती, पण तिचा अर्थ घरोघरी चुकीचा लावला गेला. महागाईचा दर म्हणजे गेल्या वर्षीच्या त्याच महिन्याशी केलेली तुलना. जुलै २०२३ मध्ये तो ७.४४ टक्के होता. तेव्हा चढलेले भाव पुढे दर खाली आला म्हणून उतरले नाहीत, चढण्याचा वेग तेवढा मंदावला.

शिवाय हा आकडा सरासरीचा. त्या ऑक्टोबरात अन्नपदार्थ वर्षापूर्वीपेक्षा सुमारे ५ टक्के स्वस्त होते, आणि हा दर ज्या भाव-निर्देशांकावरून, म्हणजे घरगुती वस्तूंच्या सरासरी भावाच्या आकड्यावरून काढला, त्या २०१२ हे पायाभूत वर्ष धरलेल्या निर्देशांकात अन्न-पेयांचा वाटा जवळजवळ ४६ टक्के होता. ज्या घराचा निम्मा पगार भाड्यात आणि दोन मुलांच्या फीमध्ये जातो, त्या घराला ही स्वस्ताई जाणवणार कशी? म्हणून आपला निर्देशांक आपणच काढावा. दर महिन्याला लागतातच अशा पंधरा गोष्टी निवडा, त्यांत भाडं, फी, औषधं, गॅस आणि रिक्षाही धरा. गेल्या वर्षीच्या याच महिन्याची बिलं किंवा मोबाइलवरच्या व्यवहारांची यादी शोधा आणि बेरजा शेजारी शेजारी मांडा. तासाभराचं काम आहे.

कांद्याच्या बातमीने घाबरणं

उन्हाळ कांदा साधारण मार्च ते मे या काळात निघतो, कांदाचाळीत, म्हणजे साठवणीच्या हवेशीर शेडमध्ये जातो आणि पुढचे काही महिने तोच पुरवून वापरला जातो. खरिपाचा लाल कांदा ऑक्टोबरपासून यायला लागतो. मधला ऑगस्ट ते ऑक्टोबरचा काळ नाजूक. त्याच वेळी पाऊस लांबला तर चाळीतला कांदा सडतो आणि शेतातला उशिरा येतो, म्हणून भाव उसळतो. लाल कांदा भरपूर आला की उतरतो.

आता हिशेब पाहा. चौघांच्या घरात महिन्याला सहा किलो कांदा लागतो असं धरू. भाव ३० वरून ६० रुपये झाला तर जादा खर्च १८० रुपये. एवढ्यासाठी घाबरून दहा किलो आणायचा, त्यातला दोन किलो कुजायचा, हा तोटा आपण स्वतः ओढवून घेतो. जागा असेल तर एप्रिल-मे मध्ये माना वाळलेला कांदा घेऊन हवेशीर पसरावा. नवी तूर निघाली की फेब्रुवारी-मार्चमध्ये डाळ भरावी. पावसाळ्याआधीची बेगमी म्हणून कोकणात आगोट भरतात, गोव्यात पुरुमेंत करतात, त्यामागे हेच शहाणपण आहे. एका खोलीच्या घरात हे जमणार नाही, तिथे दोन महिने हात थोडा आखडता घ्यावा, बस्स.

एक गोष्ट मला सांगितल्यावाचून राहवत नाही. ऑगस्ट २०२३ मध्ये कांद्यावर ४० टक्के निर्यात शुल्क लागलं, डिसेंबरात निर्यातबंदी आली. बंदी मे २०२४ मध्ये उठली, शुल्क पूर्णपणे गेलं ते १ एप्रिल २०२५ ला. माल बाहेर जाणं अडलं की शेतकऱ्याला मिळणारा भाव पडतो. शहरातल्या आपल्या १८० रुपयांची किंमत नाशिक जिल्ह्यातल्या शेतकऱ्याने मोजली. बाजारात घासाघीस करताना हे आठवावं असं मला मनापासून वाटतं.

तेल कांद्यासारखं उतरेल म्हणून थांबणं

आपण निम्म्याहून अधिक खाद्यतेल बाहेरून आणतो: पाम इंडोनेशिया-मलेशियातून, सोयाबीनचं मुख्यतः अर्जेंटिना-ब्राझीलमधून, सूर्यफुलाचं रशिया-युक्रेनकडून. सप्टेंबर २०२४ मध्ये कच्च्या खाद्यतेलावरचं उपकर-अधिभार धरून एकूण आयात शुल्क ५.५ वरून २७.५ टक्के झालं आणि ऐन सणासुदीत पिशवी महागली. मे २०२५ च्या अखेरीस त्यातलं मूळ शुल्क (उपकर-अधिभार सोडून) २० वरून १० टक्क्यांवर आणलं. म्हणजे इथे ऋतू पाहून उपयोग नाही. सणानंतर उतरेल या आशेवर राहू नका, वापरच मोजून ठेवा. एक लिटर तेल साधारण ९१० ग्रॅम भरतं. तशाच दिसणाऱ्या काही पिशव्यांत त्याहून कमी असतं, तेव्हा वजन वाचा आणि पाकिटावर छापलेली प्रति ग्रॅम किंवा प्रति मिलिलिटर किंमत ताडून पाहा.

हप्ता तोच आहे म्हणून कर्जही तेच आहे असं मानणं

माझ्या पाहण्यात सगळ्यांत महागात पडणारी चूक ही. आमच्याही घरी ती झाली. बँकेचा संदेश आला होता, आम्ही तो वाचलाच नाही.

मे २०२२ ते फेब्रुवारी २०२३ या काळात रिझर्व्ह बँकेचा रेपो दर, म्हणजे ती बँकांना ज्या व्याजाने पैसे देते तो दर, ४ वरून ६.५ टक्क्यांवर गेला. बदलत्या दराच्या कर्जात अशा वेळी हप्ता तसाच ठेवून मुदत वाढवली जाते, त्यामुळे खिशाला काही कळत नाही. समजा ३० लाखांचं कर्ज, २० वर्षं, ७ टक्के. हप्ता साधारण २३,२५९ रुपये. सुरुवातीलाच दर ९ टक्के झाला आणि हप्ता तोच राहिला, तर पहिल्या महिन्याचं व्याजच २२,५०० रुपये होतं. मुद्दलात जमा होतात ७५९ रुपये. या गतीने कर्ज फिटायला ४५८ महिने, म्हणजे ३८ वर्षं लागतील. दर ९.५ टक्के झाला तर व्याज २३,७५० रुपये, म्हणजे हप्त्याहून जास्त!

बँकेत जाऊन चार गोष्टी लेखी मागा: आज उरलेली मुद्दल, उरलेले हप्ते, सध्याचा दर आणि तो कशाशी जोडलेला आहे. १ ऑक्टोबर २०१९ पासून बँकांना बदलत्या दराची नवी गृहकर्जं रेपोसारख्या बाहेरच्या दराशी जोडावी लागतात. त्याआधीचं कर्ज जुन्याच पद्धतीवर असेल तर दरकपात उशिरा आणि अपुरी पोचते. गृहवित्त कंपन्यांना हे बंधन नाही. दर वाढल्यावर हप्ता वाढवायचा की मुदत, हे निवडण्याची मुभा कर्जदाराला द्यावी, असं रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट २०२३ मध्ये सांगितलेलं आहे.

२०२५ मध्ये दर उलट फिरला, फेब्रुवारीत ६.२५ आणि डिसेंबरात ५.२५ टक्के. आता हप्ता कमी करून घेण्याचा मोह होतो. झेपत असेल तर तो तसाच राहू द्या, मुदत आपोआप घटते. हाती बोनस आला तर थोडी मुद्दल फेडा. राहत्या घराच्या बदलत्या दराच्या कर्जावर त्यासाठी दंड लागत नाही.

वर्षाचा खर्च महिन्याच्या वहीत न धरणं

जूनमधली फी नि वह्या-पुस्तकं, घरपट्टी, विम्याचा हप्ता, गणपती, दिवाळी. यांतलं काहीच अचानक येत नाही. बेरीज करून बाराने भागा आणि तेवढी रक्कम पगाराच्या दिवशीच वेगळ्या खात्यात टाका. वैयक्तिक आरोग्य आणि आयुर्विम्यावरचा जीएसटी २२ सप्टेंबर २०२५ पासून शून्य झाला आहे, तेव्हा नूतनीकरणाचा कागद नीट तपासा. तंगीत विमा बंद करू नका.

कात्री एकाच ताटावर चालवणं

वह्या पाहताना मला सगळ्यांत जास्त त्रास इथे होतो. दूध कमी केलं तर मुलांचं होत नाही, नवऱ्याच्या डब्याचंही होत नाही. कमी होतं ते जिने हिशेब लिहिला तिचं. डाळ उरली तर ती खाते, फळ शेवटी, तपासणी पुढच्या महिन्यात. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के स्त्रियांमध्ये रक्तक्षय आढळला. म्हणून वही घेऊन येणारीला मी आधी एक ओळ लिहायला लावते: तिचं स्वतःचं दूध, फळं आणि औषधं. त्या ओळीला कात्री लावायची नाही, असं ठरवूनच मग आम्ही बाकीची पानं उलटतो.