कंत्राटदाराचं बिल वर्षभरानं आलं तर

गच्चीचं वॉटरप्रूफिंग गेल्या पावसाळ्याआधी झालं आणि बिल आता हातात पडलं, तर रागाने "आता कसले पैसे?" म्हणू नका. पैसे देण्याची मुदत ठरली नसेल, तर १९६३ च्या मुदत कायद्यानुसार काम झाल्यापासून ३ वर्षांपर्यंत त्याला दावा लावता येतो. शिवाय काम झालंय, मजुरांनी घाम गाळलाय.

पण लगेच पैसेही देऊ नका. आधी यूपीआय आणि बँकेच्या नोंदींतून दिलेली उचल शोधा. रोख दिलेली रक्कम दोघेही विसरलेले असतात. मग कामाची फोड मागा: किती चौरस फूट, दर काय, सामान कोणाचं. टेप घेऊन त्याच्यासमोरच मोजा. दर कामाच्या वेळी ठरला तोच, आजचा नाही. जीएसटी लावला असेल तर नोंदणी क्रमांक जीएसटीच्या संकेतस्थळावर तपासा. नोंदणी नसलेल्याला तो घेता येत नाही.

एक जपा. हिशेब पटेपर्यंत "सगळे देतो" असं व्हॉट्सअ‍ॅपवरही लिहू नका, ती लेखी कबुली ठरू शकते. "फोड मिळाल्यावर बघतो" एवढंच लिहा. पैसे बँकेतून द्या आणि "हिशेब पूर्ण, बाकी नाही" अशी सही घ्या.