बर एकाच बाजूला का?

साकीनाक्याच्या गाळ्यात आमची 20 टनी पॉवर प्रेस आहे. 1 मिमी पत्र्याच्या वॉशरला बर (कापलेल्या कडेला उरणारी धारदार कोर) येऊ लागला, तोही भोकाच्या एकाच बाजूला. शेठ म्हणाले, ‘पंच ग्राइंड करून आण.’ पण पंचाची, म्हणजे भोक पाडणाऱ्या वरच्या भागाची, धार गेली असती तर बर सगळीकडून आला असता.

मेन स्विच बंद केला, फ्लायव्हील पूर्ण थांबू दिलं. डायवर (पंच ज्यात शिरतो तो खालचा साचा) पातळ कागद ठेवून हाताने रॅम (पंच धरून वरखाली होणारा भाग) खाली आणला. कागद एकीकडे स्वच्छ कापला, समोर नुसता दुमडला; म्हणजे तिकडे पंच-डायमधली फट जास्त होती. क्लॅम्पचा एक बोल्ट ढिला होता, डाय केसभर सरकली होती. (रात्रपाळीवाले नेहमीप्रमाणे ‘आम्ही नाही’!) पंचाभोवती 0.05 मिमीचे शिम (फट भरणाऱ्या पातळ पट्ट्या) लावून डाय सेंटर केली, बोल्ट आलटूनपालटून आवळले, शिम काढून पुन्हा कागद कापून पाहिला. पंचाला हात लावावाच लागला नाही.