कार्बन फायबरवर पाना पडला? वरून गुळगुळीत दिसतंय म्हणून सोडू नका

बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत अल्ट्रासॉनिक मशीन (ध्वनिलहरी सोडून आतला दोष शोधणारं) बहुतेक स्टीलवरच सेट केलेलं असतं. तेच कार्बन फायबरच्या पॅनेलवर लावलं की पहिली चूक तिथेच होते. स्टीलमध्ये ध्वनीचा वेग सेकंदाला सुमारे ५९०० मीटर, कार्बन फायबरच्या जाडीतून साधारण ३०००. वेग बदलला नाही, तर ४ मिमीचं पॅनेल जवळपास ८ मिमी दिसतं. त्याच थरांच्या चांगल्या तुकड्यावर वेग जुळवून घ्या.

पातळ पॅनेलला ५ मेगाहर्ट्झचा डिले-लाइन प्रोब (पॅनेलवर टेकवायचं, पुढे प्लॅस्टिकचा ठोकळा असलेलं टोक) आणि ध्वनी आत जावा म्हणून जेल पुरतं. जाड ग्लास फायबरला १ ते २.२५ मेगाहर्ट्झचा बरा. प्रोब ६ मिमीचा असेल तर ३-३ मिमी सरकवा. तळाचा एको (तळावरून परत येणारा ध्वनी) खाली बसला आणि त्याआधी नवा एको उठला, की आतले थर एकमेकांपासून सुटले समजा. हा नवा एको निम्म्यावर येतो तिथे खडूने कड आखा.

मार वरून बसला तरी थर आत, मागच्या बाजूकडे जास्त पसरून सुटतात. वरचा सुटलेला थर खालचे झाकतो, म्हणून जमल्यास मागूनही तपासा. नाण्याने टकटक करून खोलवरचं कळत नाही. पावसाळ्यात भेगेत पाणी शिरलं असेल तर भेगेचा एको फिका पडतो. आधी पॅनेल नीट वाळवा.