पोलवर उलटं व्हायचंय? आधी उतरायला शिका

पोल डान्सच्या उभ्या खांबावर, म्हणजे पोलवर, पहिल्यांदा उलटं होणाऱ्याचं सगळं लक्ष पायांकडे असतं. पाय वर गेले की जिंकलो. आणि पाय जातातही. जोरात झोका घेतला की कुणाचेही जातात. पंचाईत त्यानंतर होते. डोकं खाली, तळहात घामेजलेले, आणि इथून खाली यायचं कसं हे कुणी सांगितलेलंच नसतं. अशा वेळी माणूस घाबरून पायांची पकड सोडतो आणि मानेवर येतो. म्हणून या लेखात उतरणं आधी आहे, हात सोडणं अगदी शेवटी.

शिकायची पकड एकच: इन्व्हर्टेड क्रूसिफिक्स. डोकं खाली, पोल दोन्ही मांड्यांच्या मध्ये, एक पाय पुढून, एक मागून, घोटे एकमेकांत अडकवलेले. मल्लखांब खेळलेल्यांना ही अढी लगेच ओळखू येईल.

पोल शिकवणारे स्टुडिओ मुंबई-पुण्याकडे आहेत. आपल्या लातूर-परभणीकडे उलटं व्हायची सवय ज्यांच्या अंगात आहे, ती बहुतेक शाळेतल्या नाहीतर तालमीतल्या मल्लखांबावरची पोरं-पोरी. त्यांची भीती आधीच मोडलेली असते, हा मोठा फायदा. पण एक सवय त्यांना दारातच सोडावी लागते. लाकडी खांब जाड असतो, वर निमुळता होत जातो आणि कातडी सोलू नये म्हणून त्याला एरंडेल लावतात. पोल धातूचा, वरपासून खालपर्यंत एकाच जाडीचा; स्पर्धेत ४५ मिलिमीटर व्यासाचा वापरतात. त्यावर माणूस टिकतो तो उघड्या, कोरड्या कातडीच्या घर्षणावर. तिथे तेलाचं बोट लागलं तरी घसरगुंडी. सरावाच्या दिवशी अंगाला तेल नाही, लोशन नाही. डोक्यालाही नाही, कारण उलटं झाल्यावर वेणी पोलला घासते आणि तेच तेल हाताला लागतं. केस वर घट्ट बांधा. अंगठ्या, बांगड्या, पैंजण काढून ठेवा. चड्डी आखूडच लागते. मांडी झाकली तर पकडणार कशाने?

उच्च रक्तदाब, काचबिंदू, डोळ्याच्या पडद्याचा त्रास, मानेचं दुखणं, हर्निया किंवा चक्कर येण्याची सवय असेल, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय उलटं होऊ नका. गरोदरपणात हे नवीन शिकायला घेऊच नका. जेवणानंतर दोन तास तरी जाऊ द्या.

जागा

घरात लावायचे पोल फरशी आणि छत यांच्यामध्ये दाबून बसवतात. त्यामुळे वर आरसीसी स्लॅब हवा, शक्यतो बीमच्या खाली. पत्र्याच्या खोलीत हा पोल चालत नाही, पीओपीच्या छतालाही चालत नाही. जुन्या माळवदाच्या घरात तर विचारच नको. तुळई हलली तर वरची माती अंगावर यायची. पोल सरळ उभा आहे का ते गवंड्याच्या ओळंब्याने बघा आणि दर सरावाआधी हाताने हलवून बघा. गेट-ग्रिल करणाऱ्याकडून पाइप वेल्ड करून घ्यायचा मोह होतो, स्वस्तात पडतो म्हणून. टाळा. वेल्डिंगची शिवण मांडीची साल काढते, आणि पाइप किती भार सोसेल हे सांगणारं कुणी नसतं.

खाली साधारण १० सेंटीमीटर जाडीची फोमची मॅट टाका, पोलच्या चारही बाजूंनी. कापसाची गादी कितीही जाड असली तरी तिच्यात गोळे होतात आणि नेमकं डोकं टेकतं तिथे ती पातळ झालेली असते.

आता हवा. एप्रिल-मेमध्ये घाम येतो हे सगळ्यांना कळतं, कूलरचं मात्र लक्षात येत नाही. कूलर खोलीतला दमटपणा वाढवतो, अंगावरचा घाम वाळत नाही, आणि दहा मिनिटांपूर्वी चिकटणारा पोल गुळगुळीत लागायला लागतो. सराव पहाटे करा, कूलर बंद ठेवून साधा पंखा लावा. मेडिकलमधलं स्पिरिट सुती फडक्यावर घेऊन पोल मधूनमधून पुसा. बोअरच्या पाण्याने पुसलात तर क्षारांचा पांढरा थर बसेल. तळहाताला जिमवाले लावतात तो चॉक थोडासाच लावा. डिसेंबरच्या सकाळी उलटा प्रकार होतो. पोल गार, कातडी कोरडी, काही केल्या चिकटत नाही. तेव्हा कोरड्या फडक्याने घासून पोल कोमट करा आणि स्वतःचं अंगही नीट तापवून घ्या.

ताकद आहे का, बघा

पोलच्या बाजूला उभं राहा. दोन्ही हात छातीच्या उंचीला, एकावर एक, कोपरं अंगाशी मिटलेली. खांदे कानांपासून खाली ओढा. आता उडी न मारता दोन्ही गुडघे पोटाशी घ्या आणि सावकाश १० आकडे मोजा. कोपरं उघडली, खांदे वर सरकले की मोजणं थांबवा. दहापर्यंत टिकत नसाल तर अजून उलटं व्हायची वेळ आलेली नाही. पाठीवर पडून पाय उचलणं आणि बारवरून सावकाश खाली येणं, हे दोन व्यायाम करत राहा. हा टप्पा कंटाळवाणा आहे, पण यात घाई केलेल्यांचीच कोपरं पुढे दुखतात.

जमिनीवरची अढी

पोलकडे डोकं करून पाठीवर झोपा. डोक्यामागे दोन्ही हातांनी पोल खालीच धरा. गुडघे पोटाशी घ्या, कंबर उचला, हलासनात जातात तसे पाय डोक्यावरून पोलकडे न्या. भार खांद्यांवर ठेवा, मानेवर नाही, आणि या स्थितीत मान अजिबात वळवू नका. आता एक पाय पोलच्या पुढून, दुसरा मागून घाला, घोटे अडकवा आणि मांड्या आवळा.

मांडीच्या आतली कातडी ओढली जाते आणि चरचरते. पहिल्या वेळी तोंडातून ‘आई गं’ निघणारच. ही जळजळ चालते, काही आठवड्यांत कमी होते. गुडघ्यात किंवा जांघेत टोचल्यासारखी कळ आली तर मात्र लगेच सोडा.

उतरणं

याच स्थितीत उतरण्याचा क्रम पाठ करा. हात पोलवर घट्ट. छाती पोलकडे ओढलेली. मग घोटे सोडायचे, पाय दोन्ही बाजूंना उघडायचे, गुडघे पोटाशी घ्यायचे, कंबर सावकाश खाली आणायची. हात पक्के झाल्याशिवाय घोटे सुटता कामा नयेत. जमिनीवर हे इतक्या वेळा करा की विचार न करता व्हायला हवं.

उभ्याने उलटं

आता सोबतीला माणूस हवाच. शब्द आधी ठरवून घ्या. ‘सोड’ म्हटलं की सोबत्याने आपल्याला सोडायचं की आपण पोल सोडायचा, यात गोंधळ होतो. त्यापेक्षा ‘धर’ आणि ‘उतर’ एवढे दोनच शब्द ठेवा. सोबत्याने बाजूला उभं राहून एक हात तुमच्या पाठीला आणि एक कमरेला लावायचा. पाय धरायचे नाहीत; पाय धरले की तुमची पकड बसतच नाही.

मघाच्या चाचणीसारखे हात घ्या. गुडघे पोटाशी. इथून पाय वर फेकायचे नाहीत. छाती मागे जाऊ द्या आणि कंबर हातांच्या वर आणा. कंबर वर गेली की पाय आपोआप मागून येतात. श्वास सोडत वर जा, नजर पोलवर ठेवा. पाय उघडून पोलच्या दोन्ही बाजूंना आले की अढी घाला, मांड्या आवळा. तीन आकडे मोजा आणि उतरा. झोका घेतल्याशिवाय जमत नसेल तर परत जमिनीवर.

सुरुवातीचे काही दिवस एवढंच. एका वेळी तीन-चार प्रयत्न पुरेत. दोन प्रयत्नांच्या मध्ये थोडं उभं राहा, डोक्यातलं रक्त उतरू द्या.

हात सोडणं

अढी इतक्या खाली घाला की हात लांबवले तर मॅटला टेकतील. आधी एक हात सोडा, तो मॅटवर टेकवा. शरीर खाली सरकतंय का बघा. सरकत असेल तर मांड्या ढिल्या आहेत, हात परत पोलवर. नसेल सरकत, तर दुसरा हात सोडा, पाच आकडे मोजा. ‘धरलंय का?’ असं सोबत्याला विचारायची इच्छा होईल. विचारा, पण त्याच्याकडे मान वळवून नको. मग हात परत पोलवर आणि नेहमीच्या क्रमाने खाली.

दुसऱ्या दिवशी मांड्यांवर निळे-जांभळे डाग दिसतील. ते चालतात, बर्फ लावा आणि मध्ये एक दिवस सुट्टी घ्या. कोपराच्या आतल्या बाजूला दुखायला लागलं तर ते पोल फार आवळून धरल्याचं लक्षण. काही दिवस हातांना पूर्ण विश्रांती द्या, व्यायामही कमी करा. आणि एक बाजू जमली म्हणून तीच घोटत बसू नका. पुढच्या सरावाला पोलच्या दुसऱ्या बाजूला उभं राहून चाचणीपासून सगळं परत सुरू करा. ती बाजू कच्चीच निघते.