सेरेब्रल पाल्सीतला ताठरपणा: उपचारांना सुरुवात कशी करावी

पाय कात्रीसारखे एकमेकांवर चढतात, टाच जमिनीला टेकत नाही, कोपर सरळ होत नाही. हे दिसलं की घरच्यांचा पहिला प्रश्न असतो, "हा ताठरपणा जाईल कधी?" सेरेब्रल पाल्सी म्हणजे वाढत्या मेंदूला इजा झाल्याने हालचालींवर झालेला परिणाम. ही इजा भरून येत नाही, त्यामुळे ताठरपणा पूर्ण जात नाही, कमी मात्र करता येतो. पण कमी करून साधायचं काय, हे ठरल्याशिवाय गोळी किंवा इंजेक्शन सुरू करू नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

१. एक काम ठरवा

"चालणं सुधारावं" हे फार मोघम झालं. "स्प्लिंट (हात-पाय नीट स्थितीत धरणारा आधार) रडारड न होता चढावी", "डायपर बदलताना मांड्या उघडाव्यात", "खुर्चीतून पलंगावर जाताना पायावर भार घेता यावा", असं नेमकं लिहून काढा. काही जण ताठ पायांच्या जोरावरच उभे राहतात. त्यांचा ताठरपणा जास्त उतरवला तर उभं राहणंही जातं, म्हणून हे फिजिओथेरपिस्टसोबत बसून ठरवा.

२. ताठरपणा आहे की स्नायू आखडलाय, ते पाहून घ्या

उताणं झोपवून, गुडघा सरळ ठेवून फिजिओथेरपिस्ट पाऊल आधी हळू आणि मग झटकन वर नेतात. झटकन नेताना मध्येच अडकलं आणि हळू नेताना पुढे गेलं, तर तो ताठरपणा. दोन्ही वेळा एकाच जागी अडलं, तर स्नायू आखूड झालेला असण्याची शक्यता जास्त, आणि तिथे ताठरपणाची औषधं फारशी उपयोगी पडत नाहीत. बहुतेकांत दोन्ही थोडं थोडं असतं. ही तपासणी तुमच्यासमोर करून दाखवायला सांगा, पुढचे निर्णय समजायला सोपे जातात.

३. एकाएकी वाढला तर आधी दुखणं शोधा

बद्धकोष्ठता, लघवीचा संसर्ग, किडलेला दात, मांसात रुतलेलं नख, घट्ट झालेली स्प्लिंट. ज्याला बोलून सांगता येत नाही, त्याचं दुखणं बरेचदा ताठरपणातूनच कळतं. औषधाचा डोस वाढवण्याआधी हे सगळं तपासून घ्या.

४. रोजचा व्यायाम

पोटरीला ताण देताना चवडा ढकलायचा नाही. त्याने पाऊल मधूनच वाकतं आणि टाच आहे तिथेच राहते. टाच तळहातात पकडा, तळपाय आपल्या मनगटाच्या वरच्या भागावर टेकवा, टाच खाली ओढत पाऊल सावकाश वर न्या. गुडघा सरळ हवा. अर्धा ते एक मिनिट धरा. हिसका द्यायचा नाही आणि दुखलं तर थांबायचं.

मात्र काही मिनिटांच्या या ताणाने स्नायू लांब होत नाही. स्प्लिंट, उभं राहण्याची फ्रेम, नीट बसवलेली खुर्ची यांतून मिळणारा बराच वेळचा ताण आणि मुलाने स्वतः केलेली हालचाल जास्त कामी येते. खुर्चीतून उठणं, पायरी चढणं अशा ताकदीच्या व्यायामाने ताठरपणा वाढतो ही भीती जुनी आहे, तिला आधार नाही.

५. औषधं आणि इंजेक्शन

सगळं शरीरच ताठ असेल तर बॅक्लोफेनसारखी गोळी देतात. तिने सुस्ती येते, मान आणि धड सैल पडू शकतं. ती मनाने एकदम बंद करायची नाही. तसं केलं तर ताप, झटके, भास होऊ शकतात. प्रवासाला निघताना जादा गोळ्या जवळ ठेवा.

मोजकेच स्नायू त्रास देत असतील तर त्या स्नायूंना तात्पुरतं सैल करणारं बोटुलिनम टॉक्सिनचं इंजेक्शन. परिणाम काही दिवसांत दिसू लागतो, महिन्याभरात भरात येतो आणि साधारण ३ ते ४ महिन्यांत ओसरतो. ठरवलेल्या कामाचा सराव याच काळात करून घ्यायचा, म्हणून फिजिओथेरपीच्या वेळा इंजेक्शनच्या आधीच घेऊन ठेवा. गरज पडल्यास सोबत प्लास्टर घालतात आणि ते ठरावीक दिवसांनी बदलत पाऊल वर आणतात. इंजेक्शननंतर गिळायला किंवा श्वास घ्यायला त्रास झाला तर लगेच रुग्णालय गाठा.

६. पुढचे पर्याय

पोटाच्या त्वचेखाली बसवलेला पंप बॅक्लोफेन थेट मणक्यातल्या द्रवात सोडतो. निवडक मुलांमध्ये मणक्याजवळच्या काही संवेदी नसा कापतात; त्या पुन्हा जोडता येत नाहीत, म्हणून निवड फार काटेकोर लागते. आखूड स्नायूंसाठी हाडांच्या डॉक्टरांची शस्त्रक्रिया.

७. मोजत राहा

ठरवलेल्या कामाचा व्हिडिओ उपचाराआधी आणि नंतर, एकाच बाजूने काढा. फरक नसेल तर तोच उपचार पुन्हा करण्याआधी डॉक्टरांना कारण विचारा. न चालणाऱ्या मुलांचा खुब्याचा सांधा न दुखताही हळूहळू निसटू शकतो, तेव्हा त्याचा एक्स-रे किती महिन्यांनी काढायचा हे विचारून घ्या. उंची झपाट्याने वाढते त्या वर्षांत हाडांच्या मानाने स्नायू मागे पडतात आणि स्प्लिंटही लवकर लहान होते. त्या काळात तपासणीच्या तारखा जवळ आणा.