लहान विमानात नवा रेडिओ बसवताना

नागपूरच्या सोनेगाव विमानतळाच्या धावपट्टीलगत मे महिन्यात उभ्या असलेल्या लहान विमानाचे दार उघडले, की आतून भट्टीसारखी झळ येते. बाहेरच पारा ४५ अंशांच्या आसपास असताना पॅनेलमागच्या बंद जागेत उपकरणांना किती उष्णता सोसावी लागत असेल, हे रेडिओ किंवा ट्रान्सपाँडर (रडारला विमानाची ओळख कळवणारे उपकरण) बसवणाऱ्याने आधी ध्यानात घ्यावे आणि निर्मात्याने सांगितलेली मोकळी जागा व थंड हवेची सोय यांत कोणतीही तडजोड करू नये. काम अर्थातच मंजूर कागदपत्रांनुसार आणि परवानाधारक अभियंत्याच्या देखरेखीखालीच व्हावे.

सुरुवात विजेच्या हिशोबाने करावी. विमानाची प्रणाली १४ व्होल्टची आहे की २८ व्होल्टची, हे पाहावे. मग सततचा एकूण भार अल्टरनेटरच्या (इंजिनावर चालणाऱ्या वीजनिर्मिती यंत्राच्या) क्षमतेच्या ८० टक्क्यांच्या आत, म्हणजे ६० अँपियरच्या अल्टरनेटरवर ४८ अँपियरपर्यंत, राहतो का ते मोजावे. सर्किट ब्रेकर निवडताना तो वायरच्या जाडीला शोभेल असा घ्यावा, कारण त्याचे पहिले काम वायरला जळण्यापासून वाचवणे हे असते.

सर्वाधिक वेळ वायरिंगला द्यावा, कारण माझ्या मते पुढे सतावणारे बहुतेक दोष उपकरणाच्या पेटीत नसून जोडणीत असतात. आवरण सोलताना तांब्याची एक तार जरी कापली गेली, तरी ते टोक छाटून पुन्हा सोलावे. योग्य हत्याराने केलेले क्रिंपिंग, म्हणजे धातूचे टोक वायरवर दाबून घट्ट बसवणे, मला डाखापेक्षा अधिक भरवशाचे वाटते. डाख वायरमध्ये चढून ती ताठ करतो आणि इंजिनाच्या कंपनांनी ती नेमकी तिथेच तुटते. वायरचा जुडगा इंधनाच्या नळीच्या खालून नेऊ नये, आणि तो क्लॅम्पने बांधल्यावर सुकाणूची दांडी दोन्ही टोकांपर्यंत फिरवून कुठे घासत नाही ना, हे डोळ्यांनी पाहावे.

अँटेनाखालचा रंग संपर्काच्या जागेपुरता खरवडून धातू उघडा करावा, आतून पत्र्याला आधारपट्टी द्यावी आणि कडा सीलंटने बंद कराव्यात. नागपूरच्या उन्हात सीलंट लवकर घट्ट होते, म्हणून हे काम भल्या सकाळी उरकावे. सुटलेली एखादी फट मृगाच्या पहिल्याच सरीत पाणी आत घेते.

शेवटी टॉवरच्या परवानगीने १२१.१५० आणि १३१.२५० मेगाहर्ट्‌झसारख्या फ्रिक्वेन्सींवर प्रसारण करून जीपीएसचा सिग्नल तुटतो का, हे तपासावे, कारण रेडिओ मूळ फ्रिक्वेन्सीच्या पटींतही क्षीण लहरी सोडतो आणि १२१.१५० चा तेरावा आणि १३१.२५० चा बारावा गुणित जीपीएसच्या १५७५.४२ मेगाहर्ट्‌झच्या अगदी जवळ येतो. सिग्नल तुटल्यास अँटेनांमधील अंतर वाढवावे किंवा फिल्टर लावावा. त्यानंतर होकायंत्राचे स्विंग करावे, म्हणजे विमान वेगवेगळ्या दिशांना वळवून होकायंत्राची चूक तपासावी, विमानाचे वजन व गुरुत्वमध्य नव्याने काढावा आणि सर्व नोंदी लॉगबुकात त्याच दिवशी कराव्यात.